फॅमिली फ्लोटरचा हप्ता झेपत नाही : पॉलिसी सोडावी का?

गिरगावकर : माझे वय ७२, पत्नीचे ६६. लहानपणीच्या पोलिओमुळे तिचा डावा पाय अधू आहे, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे, आणि आता मधुमेहही जडला आहे. आमचा पाच लाखांचा फॅमिली फ्लोटर (दोघांना मिळून एकच विमा रक्कम असलेली आरोग्य विमा पॉलिसी) अनेक वर्षे खंड न पडता चालू आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, तेव्हा हायसे वाटले होते. पण यंदा नूतनीकरणासाठी ६८ हजार मागितले आहेत. पेन्शन नाममात्र, घर ठेवींच्या व्याजावर चालते. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, तेव्हा हा हप्ता कशाला भरता, असे चाळीतले लोक म्हणतात. पॉलिसी सोडून द्यावी का?

मुलुंडकर : काका, तडकाफडकी सोडू नका. आयुष्मान वय वंदना कार्ड तुम्हाला मिळेल. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि खासगी विमा असला तरी ते काढता येते. मात्र ते सत्तर पूर्ण केलेल्यांपुरतेच असल्यामुळे काकूंना त्यात अजून चार वर्षे स्थान नाही. म्हणजे पॉलिसी गेली तर उघड्यावर पडतील त्या काकू, आणि पुढे कोणी नवी पॉलिसी दिलीच, तर मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

फ्लोटरचा हप्ता सहसा सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो. त्यामुळे तुमचे नाव कमी करून पॉलिसी एकट्या काकूंच्या नावे चालू ठेवल्यास हप्ता किती येईल आणि आजवरच्या सलग वर्षांचा लाभ त्यांना कायम राहील का, हे कंपनीकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. अर्थात, तुम्ही स्वतः मग फक्त योजनेतल्या रुग्णालयांवर अवलंबून राहाल, याचा विचार आधी करा. हप्ता उतरवण्यासाठी खोलीभाड्याची मर्यादा असलेली पॉलिसी सुचवली गेली, तर अटी नीट वाचा : मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की अनेक पॉलिसींत केवळ भाड्यातला फरक कापून थांबत नाहीत, डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात.

आणखी एक. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेशी सल्लामसलत करावी, असा जानेवारी २०२५ चा आदेश आहे. गेल्या वर्षीचा हप्ता जीएसटी वगळून किती होता?

दादरची वाचक : दिव्यांगांसाठीच्या निरामय योजनेचे नाव कोणी सुचवेल, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे, पोलिओ त्यात बसत नाही.

परळकर : मी रुग्णालयातील समाजसेवा विभागात काम केले आहे. वहिनींसाठी मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा विचार अवश्य करा. आता शुभ्र शिधापत्रिकाधारकही तिच्यात येतात. मात्र ठरलेले उपचार आणि संलग्न रुग्णालये एवढ्यापुरतीच ती चालते, तेव्हा दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटावे. याशिवाय धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाताशी असू द्या. रुग्ण आत आणि नातेवाईक दाखल्यासाठी रांगेत, ही धावपळ फार वाईट.

गिरगावकर : सर्वांचे आभार. गेल्या वर्षीचा हप्ता जीएसटी वगळून ५५ हजार होता, म्हणजे वाढ २३ टक्क्यांहून अधिक झाली. यातील किती वयोगट बदलल्यामुळे आणि किती दरवाढीमुळे, हे कंपनीला ईमेलने विचारले आहे. पत्नीच्या स्वतंत्र पॉलिसीचाही हप्ता मागवला आहे. एक अडचण मात्र आहे : शिधापत्रिकेवर तिचे नाव अजून माहेरचेच आहे आणि आधारवर सासरचे.

परळकर : मग आधी शिधावाटप कार्यालयात नावाची दुरुस्ती करून घ्या. विवाह नोंदणीचा दाखला आणि आधारची प्रत सोबत न्या.