कीगल व्यायाम (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम) नेमका कसा करावा?

प्रश्न (इंदूरची सून): दुसऱ्या बाळंतपणानंतर शरीरसंबंधांत पूर्वीची संवेदना राहिलेली नाही आणि शिंकतानाही लघवीचे थेंब सुटतात. एकत्र कुटुंबात हा व्यायाम कसा करावा?

राजवाडाकर: ताई, लघवी रोखल्याप्रमाणे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत-वर खेचून ५ सेकंद धरावेत, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत, असे १० वेळा आणि दिवसातून तीनदा करावे, श्वास मात्र कोंडू नये. पोह्यांना वाफ येईपर्यंत एक फेरी सहज होते, सासूबाईंना कळतही नाही.

निवृत्त परिचारिका: प्रत्यक्ष लघवी अडवून रोजचा सराव करू नये. फरक जाणवण्यास साधारण ३ महिने लागतात. संबंधांच्या वेळी वेदना होत असतील, तर हे स्नायू आधीच ताठरलेले असू शकतात आणि आवळल्याने त्रास वाढतो. तेव्हा प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

तुकोगंजकर: पुरुषांनाही लिंगाच्या ताठरतेच्या तक्रारीत याचा उपयोग होतो.