चिलर बदलण्याआधी रात्रीची एक फेरी मारा

मोठ्या इमारतीत जुना चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं मोठं यंत्र) काढून नवा बसवल्याशिवाय विजेचं बिल खाली येणार नाही, असं काही जण म्हणतात. चिलर खरंच थकला असेल तर बदलावाच, पण सुरुवात तिथून करू नका, ही कळकळीची विनंती. आमच्या ऑफिसच्या इमारतीत आम्ही आधी रात्री दोन वाजता फेरी मारली. चिटपाखरू नाही, आणि तीन मजल्यांचे एएचयू (मजल्यावर थंड हवा खेळवणारी पंख्याची यंत्रं) जोरात चालू! पॅनेलवरचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर. कधीतरी दुरुस्तीच्या वेळी फिरवलेला, परत कोणी लावलाच नाही. पंख्यांचा वेग कमी-जास्त करणारे व्हीएफडी होते, पण तेही पूर्ण वेगावर अडकवून ठेवलेले.

सहसा लक्षात न येणारा मुद्दा हा, की पंख्याला लागणारी वीज साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास ५१ टक्क्यांवर येते. (हवा वाहून नेणाऱ्या डक्टमध्ये ठरावीक दाब राखायची सेटिंग असेल तर बचत थोडी कमी.) शिवाय पंख्याची उष्णता त्याच थंड हवेत मिसळते आणि ती काढायचं काम पुन्हा चिलरवरच पडतं. म्हणून हे सगळं मार्गी लावून मगच चिलरवरचा भार मोजा. कदाचित नवा चिलर आधीच्यापेक्षा लहान पुरेल.