दगडी बाणाग्रे: तुकडा घडवताना मोडतो, बसवला तर खाचेतून सुटतो

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. जुन्या कपड्यांनी भरलेल्या पोत्यावर सराव करण्यासाठी दगडी टोकांचे बाण करतो आहे. फक्त लक्ष्यावर मारायचे आहेत. शिकारीचा प्रश्नच नाही. धनुष्य बांबूचे, ओढ साधारण ३५ पाउंड. दगड म्हणजे विहिरीच्या मलब्यातली पांढरी-करडी गारगोटी. अडचणी दोन. तुकडा पातळ करायला घेतला की मधोमध आडवा मोडतो. आणि जी टोके पूर्ण होतात, ती पोत्यावर आदळली की राळेतून अलगद निघून येतात. राळ पूजेच्या दुकानातली, बांधणी सुती दोऱ्याची. दगडात दोष आहे की पद्धतीत?

कातळकोर

दोन्हीत असू शकतो. आधी दगड तपासा. आपल्याकडच्या काळ्या कातळात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्या पुढे वेगवेगळ्या खनिजांनी भरल्या. त्यामुळे एकाच विहिरीच्या मलब्यात कॅल्सेडनी, अकीक, स्फटिकांची गार, कॅल्साइट आणि झिओलाइट शेजारीशेजारी मिळतात. तुमच्या कामाचे फक्त पहिले दोन. चाकूच्या टोकाने ओरखडा उठला तर कॅल्साइट, टाकून द्या. मोत्यासारखी चकाकी आणि पापुद्रे निघत असतील तर झिओलाइट, तेही नको. चांगली कॅल्सेडनी काचेवर ओरखडा उठवते, तुटलेली बाजू मेणासारखी दिसते आणि पातळ कडेतून उजेड आरपार येतो. गोटा दोरीने टांगून वाजवा. खणखणीत वाजला तर घ्या. भद्द आवाज म्हणजे आत तडा किंवा पोकळी. अकिकाच्या गोट्यात मधोमध स्फटिकांची पोकळी फार वेळा असते, म्हणून कडेचा भरीव भाग वापरा.

कच्ची कॅल्सेडनी चिवट असते, दाबाने लांब टवके देत नाही. तिला भाजावे लागते. गोटे अख्खे भाजू नका. आधी सेंटीमीटरभर जाडीचे ओबडधोबड तुकडे काढा, स्टीलच्या डब्यात कोरड्या वाळूत एकमेकांना न लागता पुरा. घरच्या ओव्हनमध्ये १०० अंशांवर दिवसभर ठेवून ओल घालवा. मग तासाला २५ अंशांच्या बेताने २३०-२५० पर्यंत न्या, चार-पाच तास तिथेच ठेवा आणि ओव्हन बंद करून पूर्ण गार होईपर्यंत दार उघडू नका. घाई केली की पृष्ठभागावरून थाळीच्या आकाराचे खपले उडतात किंवा आत जाळीदार तडे जातात. भाजणे जमले की नाही हे नवीन टवका काढल्यावर कळते: आतली बाजू तुकतुकीत दिसते आणि पिवळसर दगड लालीकडे झुकतो. लालीच नसेल तर काळजी नको, दगडात लोह नसेल. कुंभाराच्या भट्टीत मात्र देऊ नका, तिथली आच या कामाला फार जास्त.

आता मधोमध मोडण्याबद्दल. ज्या बाजूचा टवका काढायचा ती बाजू तळहाताकडे असते, आणि ज्या धारेवर जोर लावायचा ती धार जाडीच्या मध्यरेषेच्या खाली, म्हणजे त्याच बाजूकडे सरकवलेली हवी. धार मध्यावर किंवा वर असली की जोर टवक्यात न जाता पूर्ण तुकड्यात शिरतो आणि तुकडा दुभंगतो. प्रत्येक दाबाआधी ती धार सहाणेच्या तुकड्याने घासून बोथट करा. धारदार कड दाबाखाली चुरते, जोर तिथेच विरतो आणि टवका अर्ध्यात तुटून पायरी पडते. दुसरे कारण म्हणजे आधार नसणे: लांब पातळ तुकडा हातात मोकळा धरून गोट्याने ठोकला तर हादरा टोकापर्यंत जाऊन परत येतो आणि मध्ये मोडतो. ६ मिलिमीटरच्या आत आलात की ठोकणे बंद, फक्त दाब.

दाबाचे हत्यार सोपे आहे. अर्थिंगची ८ गेजची तांब्याची तार लाकडी मुठीत घट्ट बसवा, दोन सेंटीमीटर बाहेर ठेवा, टोक पेन्सिलीसारखे पण बोथट घासा. तळहातावर जाड चामडे. जोर आधी आतल्या दिशेने, पुरता चढला की शेवटी किंचित खाली. फक्त खाली दाबलेत तर आखूड, जाड टवके निघतील आणि कड कापत जाईल, जाडी तशीच. परदेशी पुस्तके शिंगाचे हत्यार सांगतात. आपल्याकडे सांबर-चितळाचे शिंग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकते, त्या वाटेला जाऊ नका. जंगलात गळून पडलेलेही उचलू नका. तांबे उत्तम चालते.

सरावासाठी बाटलीची जाड बुडे वापरा. काच भाजावी लागत नाही. आणि हे सगळे उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, एन-९५ मास्क आणि चष्मा लावूनच. सिलिकाची धूळ फुप्फुसातून परत निघत नाही. घरात, पंख्याखाली तर कधीच नाही.

माणवेल

दगडाचे वर आले, मी बसवण्याचे सांगतो. बहुतेक बाण तिथेच फसतात.

सुटलेल्या टोकाचा बुंधा, म्हणजे काडीत बसणारा मागचा भाग, आधी नीट पाहा. दगड लख्ख, राळेचा कणही नाही आणि खाचेत दगडाचा हुबेहूब साचा उरला असेल, तर तुम्ही गरम राळ थंड दगडावर ओतलीत. ती चिकटतच नाही, नुसती बसते. दगडाचा बुंधा आणि खाच दोन्ही दिव्यावर दुरून, बोटाला चटका जाणवेल इतके शेकायचे, मगच भरायचे. उलट, दगडावर राळेचे तुकडे चिकटलेले दिसले आणि बाकीचा चुरा झाला असेल, तर मिश्रण ठिसूळ आहे.

नुसती राळ ठिसूळच असते. वजनाने ५ भाग बेरजा (चीड झाडाची राळ), १ भाग मधमाश्यांचे मेण, १ भाग कोळशाची वस्त्रगाळ पूड. मंद आचेवर, शक्यतो पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवा. झाकण जवळ ठेवा, कारण राळ पेटते. उकळू देऊ नका, त्यातले तेल उडून गेले की मेण घालूनही चिवटपणा येत नाही. थेंब गार फरशीवर टाकून नखाने दाबा: तडकला तर मेण थोडे वाढवा, वाकला तर बेरजा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात हेच मिश्रण मऊ पडते, तेव्हा मेण निम्मे करा.

खाच चाकूने चिरू नका. बांबू रेषेने फाटत जातो. लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याने दोन समांतर काप द्या, मधला भाग काढा, कानशीने बुंध्याच्या जाडीइतके रुंद करा. खोली १२ ते १५ मिलिमीटर. खाचेच्या लगेच मागे बांबूचा पेर येईल असा तुकडा निवडा, म्हणजे आदळल्यावर फाट पेरापाशी थांबते. सर्वात चांगले म्हणजे पुढचे १२-१५ सेंटीमीटर भरीव माणवेल बांबूचे किंवा बाभळीचे वेगळे करून मागच्या पोकळ काडीत बसवणे. टोक मोडले तर तेवढाच पुढचा तुकडा बदलायचा.

दगडाच्या बुंध्याच्या दोन्ही कडा आणि बाजूच्या खाचा घासून बोथट केल्यात का? न घासलेली कड प्रत्येक आदळण्याला दोरा कापते. सुती दोऱ्यापेक्षा नस चांगली. मटणाच्या दुकानातून बोकडाच्या मागच्या पायाची लांब नस घ्या, चरबी खरवडून सावलीत तीन-चार दिवस वाळवा, लाकडावर लाकडी हातोडीने ठेचून धागे सोडवा. कोमट पाण्यात काही मिनिटे भिजवा. कढत पाण्यात ती आखडून वाया जाते. खाचांतून आठच्या आकड्यासारखी दोन-तीनदा फिरवा आणि पुढे काडीवर दीड-दोन सेंटीमीटर गुंडाळा. गाठ लागत नाही, ओले टोक दाबले की चिकटते. वाळताना आवळते, हाच तिचा गुण. पावसाळी हवेत सैल पडते, म्हणून वरून त्याच मिश्रणाचा पातळ हात द्या. नस नको असेल तर घायपात किंवा अंबाडीचा धागा घ्या, पण तो वाळून आवळत नाही. ताणून गुंडाळा आणि प्रत्येक फेऱ्यात राळ मुरवा.

राळ मऊ असतानाच बाण टोकावर उभा धरून भिंगरीसारखा फिरवा. टोक डोलले तर तिथल्या तिथे सरळ करा.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. बुंधा पाहिला, दगड अगदी लख्ख आहे. टोकाचे वजन किती ठेवावे?

माणवेल

६-७ ग्रॅम. लांबी ३५-४०, रुंदी २० आणि जाडी ५ मिलिमीटरच्या आसपास. त्याहून जड केलेत तर ३५ पाउंडाला काडी जास्त वाकेल आणि बाण वाकडा जाईल. सगळ्या बाणांची टोके अर्ध्या ग्रॅमच्या फरकात ठेवा.

पातेछिलका

एक वेगळा रस्ता सुचवतो. दोन्ही बाजूंनी घडवलेले रुंद टोक ही मुख्यतः अमेरिकेतल्या छंदाची ओळख. आपल्या गोट्यांना तो आकार महागात पडतो, कारण भरीव कॅल्सेडनीचा मोठा तुकडा क्वचित मिळतो. गोदावरी-प्रवरा खोऱ्यातल्या कारागिरांनी याच दगडातून अरुंद, समांतर कडांची पाती काढली. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी नाशिकला उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन थरात अशी पाती मिळाली आहेत.

गाभ्यावर, म्हणजे ज्या दगडातून पाती काढायची त्यावर, आधी आलटून-पालटून छोटे टवके काढून एक सरळ कणा तयार करा. पहिले पाते त्या कण्यावरून सुटते आणि त्याच्या खुणांवरून पुढची सुटत जातात. ८-१० मिलिमीटर रुंद, २-३ जाड पाती हवीत. दोन-अडीच सेंटीमीटरचे तुकडे करा, एक कड दाबाने बोथट करा. काडीचे टोक निमुळते करून बाजूला ३ मिलिमीटर खोल चर कोरा, राळ भरा, शेकलेली पाती बोथट कडेने आत बसवा. बांधणी लागत नाही. एक पाते उडाले तर तेवढेच बदला.

आणि सगळ्यांना विनंती. गंगापूरकडे किंवा नदीच्या जुन्या गाळाच्या थरात घडवलेले दगड दिसले तर ते जागचे हलवू नका. जागेसकटच त्यांना अर्थ असतो. आपला कचराही नदीकाठी किंवा शेतात टाकू नका. आजचा टवका आणि जुना टवका उद्याच्या अभ्यासकाला वेगळा ओळखता येईलच असे नाही. ताडपत्रीवर काम करा, सगळा चुरा प्लास्टिकच्या बाटलीत भरा, आत या वर्षाचे नाणे टाका आणि मगच टाकून द्या.