जंबो: हत्तीने शब्द मोठा केला की शब्द आधीच मोठा होता?

शब्दवेडा:
रविवारी लोकलचा जंबो ब्लॉक, पेपरात जंबो मंत्रिमंडळ, नाक्यावर जंबो वडापाव. माझं स्पष्ट मत आहे की 'भलामोठा' हा अर्थ या शब्दाला चिकटला तो लंडनच्या झूमधल्या जंबो नावाच्या हत्तीमुळे आणि त्याला विकत घेणाऱ्या अमेरिकन सर्कसवाल्या बार्नमच्या जाहिरातींमुळे. पिल्लू आफ्रिकेत पकडलं, आधी पॅरिसला ठेवलं, १८६५ ला लंडनला आलं तेव्हा ते आजारी आणि खंगलेलं होतं. म्हणजे आकार बघून नाव पडलं हे पटत नाही.

कोकणकडा:
नाही पटलं. १८२३ च्या इंग्रजी स्लँगमध्ये जंबो म्हणजे धिप्पाड, बोजड माणूस असा अर्थ सापडतो, हत्ती लंडनला यायच्या ४० वर्षं आधी! शब्द तयारच होता, हत्तीला फक्त लावला. पिल्लू लहान असलं तरी हत्तीचंच होतं ना.

सह्याद्रीची_लेक:
मी तर वाचलं होतं की स्वाहिलीतून आला, जांबो म्हणजे नमस्कार, जुंबे म्हणजे मुखिया.

शब्दवेडा:
ताई, हे सगळीकडे फिरतं पण हत्ती पकडला सुदान-इथिओपियाच्या बाजूला, तिथे स्वाहिली बोलतच नाहीत. त्यापेक्षा 'मंबो जंबो' (इंग्रजीत आज निरर्थक बडबडीला म्हणतात तो शब्द) जवळचं वाटतं, पश्चिम आफ्रिकेतल्या मंडिंका लोकांबद्दलच्या अठराव्या शतकातल्या प्रवासवर्णनांत ते येतं, पण तिथेही आकाराचा काही संबंध नाही. आणि कोकणकडा, १८२३ ची नोंद मान्य, पण ते माणसाला हिणवणं झालं. कुठल्याही वस्तूला लावायचं विशेषण कधी झालं ते बघा ना. १८८२ ला झूने हत्ती बार्नमला २००० पौंडाला विकला, इंग्लंडभर संताप, शाळेतल्या पोरांनी राणी व्हिक्टोरियाला पत्रं लिहिली, प्रकरण कोर्टात गेलं, तरी बोटीत चढवलाच. मग अमेरिकेत त्याच्या नावावर वाट्टेल ते विकायला लागले आणि जंबो म्हणजे 'मोठ्यातला मोठा' हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

कोकणकडा:
जाहिरात कुठल्याही नावाची करा, शब्दात वजन नसेल तर तो टिकत नाही. बार्नमने बाकी कितीतरी नावं गाजवली, त्यातलं कुठलं आज वडापावला लावतात? 'जंबो' उच्चारतानाच काहीतरी जड वाटतं, म्हणूनच १८२३ ला तो धिप्पाड माणसाला लागला, नंतर हत्तीला लागला आणि बोइंग ७४७ आलं तेव्हा विमानालाही लागला. ७४७ पहिल्यांदा उडालं १९६९ ला, तेव्हा बार्नम कुणाच्या लक्षात होता?

सह्याद्रीची_लेक:
मला तुमच्या दोघांच्या वादात हत्तीचं वाईट वाटतंय. १५ सप्टेंबर १८८५ ला कॅनडातल्या सेंट थॉमसला मालगाडीने उडवलं त्याला, आणि बार्नमने मेल्यावरही कातडं भरून आणि सांगाडा वेगळा करून गावोगाव तमाशा केला. भरलेलं कातडं अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात होतं, १९७५ च्या आगीत जळालं. बार्नम उंची १३ फूट सांगायचा, प्रत्यक्षात साडेदहाच्या आसपास होती. त्यामुळे 'मोठ्यातला मोठा' ही जाहिरातच होती, या मुद्द्यावर मी शब्दवेडा यांच्या बाजूने.

कोकणकडा:
साडेदहा फूट म्हणजे कमी झाले काय ताई? आणि उंचीचं खोटं बार्नमचं असेल, शब्द त्याचा नाही. १८२३ वर मी ठाम आहे.