फॉल (पानगळीचा ऋतू) आणि घरची गोड कॉफी : तुमचे अनुभव, तुमची प्रमाणं

सोनपावली : आज मसाल्यांचा कप्पा आवरताना दालचिनीची बरणी उघडली आणि एकदम जुनी भाड्याची खोली आठवली. बाहेर पानगळ, आत रूममेट गॅसपाशी. ब्राउन शुगर आणि पाणी समसमान घेऊन उकळायची, त्यात दालचिनीची कांडी, आल्याचा तुकडा, लवंगा. गॅस बंद केला की वरून जायफळ किसायचं, गाळून बाटलीत भरायचं. कडक कॉफी, गरम दूध आणि हे सिरप! केकच पितोय असं वाटायचं. पंपकिनवाले, कॅरमेलवाले, सगळे लिहा. प्रमाणासकट!

आळशी_बोका : सिरपला +१. दालचिनीची पूड थेट कपात टाकली की विरघळत नाही, फुगून तळाशी बुळबुळीत गाळ बसतो. शेवटचा घोट म्हणजे शिक्षा.

झिपरी : पंपकिनवाली हजर. डबा घेताना नुसती भोपळ्याची प्युरे (वाटलेला गर) घ्या, पाय फिलिंग (‘पाय’ या गोड पदार्थाचं तयार सारण) नको, त्यात साखर-मसाला आधीच असतो. चमचाभर प्युरे साखर-मसाल्यात परतायची, कच्चा वास गेला की दूध, मग मिक्सर आणि गाळणी. न गाळता चोथा लागतो. उरलेली प्युरे बर्फाच्या ट्रेमध्ये. मसाल्याचं प्रमाण नंतर लिहिते, कुकर झाला

नाना_चष्मेवाले : भोपळा? कॉफीत?? देवा.

आळशी_बोका : नाना, स्टारबक्सने २००३ मध्ये पंपकिन स्पाइस लाटे आणली तेव्हा तिच्यातही भोपळा नव्हता, २०१५ मध्ये घातला. चव सगळी मसाल्याची. तुम्ही बिनभोपळ्याची करा, कोणी विचारत नाही.

नाना_चष्मेवाले : मग बारा वर्षं लोक काय पीत होते?

सोनपावली : हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

मीठभाकर : कॅरमेल. जाड बुडाचं पातेलं, कोरडी साखर, चमचा घालायचा नाही, पातेलंच हलवायचं. कडेने वितळायला लागते, मग मधाचा रंग येतो, तिथे थांबू नका. तांबूस झाली की लगेच उतरवा, धूर आला तर कडू. क्रीम गरम करूनच ओता. थंड ओतलं तर साखरेचा दगड होतो, आणि फसफसून वर येतं ते वेगळंच, हात लांब ठेवा. शेवटी मीठ. मीठ विसरलात तर नुसतं गोड.

रातराणी_२ : ओट मिल्क फाटतंय हो माझं, सांगा कुणीतरी. ऑफिसातून लिहितेय

मीठभाकर : कॉफीचं आम्ल आणि उष्णता, दोन्हींमुळे. दूध आधी कोमट कर, मग कॉफी त्यात हळूहळू ओत. डार्क रोस्ट वापर. बरिस्ता लिहिलेलं पाकीट मिळालं तर उत्तम, ते सहसा फाटत नाही.

रातराणी_२ : थँक्यू ताई!

मीठभाकर : दादा.

रातराणी_२ : सॉरी दादा 😅

वेलदोडा : सासऱ्यांना डायबेटिस. वास सुटला की पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात फेरी होतेच. त्यांच्यासाठी बिनसाखरेची, वर दालचिनीचा भुरका. दूध ६०-६५ अंशांपर्यंतच तापवून फेटलं की आपसूक गोडसर लागतं, उकळलं की ती चव जाते. फेटायचं यंत्र नाही, झाकणाच्या बरणीत थंड दूध अर्धं भरून खळखळ हलवते, मग झाकण काढून मायक्रोवेव्हमध्ये. परवा म्हणाले, “सूनबाई, आज साखर पडलीय वाटतं.” मी काही बोलले नाही.

आळशी_बोका : नका सांगू!

नाना_चष्मेवाले : जायफळाने झोप येते म्हणतात, कॉफीने उडते. तुमचं नक्की काय ठरलंय?

सोनपावली : नाना, मीटिंगमध्ये दोन्ही लागतं.

पानगळ : मेपल सिरप कुणीच घालत नाही? गडद घ्या, फिकट सिरप कॉफीत हरवतं. अवांतर : सिरप सांडलेल्या ओट्यावर मुंग्या. उपाय?

वेलदोडा : व्हिनेगरच्या पाण्याने पुसा.

पानगळ : पुसलं. परत आल्या.

रातराणी_२ : झिपरी कुठे गायब? प्रमाण राहिलं की.

झिपरी : आले आले. चार भाग दालचिनी, एक सुंठ, अर्धा जायफळ, पाव लवंग. ऑलस्पाइस (मिरीसारख्या दाण्यांचा मसाला) असेल तर लवंगेइतकाच. ओल्या आल्याचा रस दुधात नको, फाटतं. सिरपात उकळलेलं चालतं. आणि लवंग मोजून घाला, जास्त झाली की कॉफीला दातदुखीच्या औषधाचा वास.