शोध वाढला म्हणजे खप वाढला?

गूगलवर 'तूर डाळ'चा शोध वाढला की बाजारात डाळीची मागणी वाढली असं समजायचं का, असा एक प्रश्न विचारला जातो. माझ्या मते इथेच पाय घसरतो. कुठला शब्द किती शोधला जातो ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सचा ० ते १०० हा आकडा सापेक्ष असतो. १०० म्हणजे त्या काळातला शिखरबिंदू, क्विंटल नव्हे.

शिवाय शोधतंय कोण? 'तूर भाव' टाकणारा बहुतेक कळमन्याच्या बाजार समितीत माल न्यायचा की थांबायचं, या पेचात पडलेला शेतकरी. तो विकणारा, घेणारा नाही! आणि आमच्या नागपुरात एकाच घरात आई 'तुरीची डाळ' म्हणते, पोरगा 'तुअर दाल' टाइप करतो, शेजारचे 'अरहर'. तिन्ही जोडल्याशिवाय आलेख अर्धाच. आमचा महिन्याचा किराणा तर इतवारीतल्या दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर यादी धाडली की येतो. गूगलला त्याचा पत्ताच नाही.

फ्लूच्या साथीचा अंदाज असाच शोधांवरून बांधणारं 'गूगल फ्लू ट्रेंड्स' २००८मध्ये आलं, २०१२-१३च्या हंगामात अंदाज फारच फुगले, २०१५मध्ये बंद झालं.

घबराट मात्र शोधांत लवकर दिसू शकते. २० जुलै २०२३ला भारतातून बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली आणि अमेरिकेतल्या भारतीयांची तांदळासाठी झुंबड उडाली; ट्रेंड्सवर त्या आठवड्याचा 'rice' अमेरिका निवडून बघा. सोबत बाजार समितीची आवक ठेवा.