हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं, पण आता दात हलतोय. मदत हवी आहे

रानवाट
परवा डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी सांगा. खालचा पुढचा एक दात हलतोय, जीभ टेकवली तरी जाणवतं. पूर्वी ब्रश करताना रक्त यायचं, ते आपोआप थांबलं. मला वाटलं, बरं झालं. आता डॉक्टर म्हणतात आजार मुळापर्यंत गेलाय, खोल स्केलिंग, म्हणजे हिरडीखालपर्यंत दात खरवडून साफ करणं, करावं लागेल. रक्त नाही, दुखत नाही, मग आजार वाढला कसा? आणि स्केलिंगने दात सैल होतात म्हणतात ना? त्यापेक्षा काढून नवा बसवू का?

अवनी
वय किती? एक्स-रे काढला का? शुगर आहे का? काहीच लिहिलं नाहीत, सांगणार काय?

सुमनमावशी
स्केलिंग अजिबात करू नका. माझ्या बहिणीचे दात चांगले घट्ट होते, साफ करून आली आणि दोन दात हलायला लागले. मिठाच्या कोमट पाण्याने रोज गुळण्या करा, मी वीस वर्षं करतेय.

दंतमित्र
मावशी, मी रोज हेच काम करतो म्हणून सांगतो. बहिणीचे दात आधीच सैल झाले होते. खालच्या पुढच्या दातांमागेच लाळग्रंथींची तोंडं उघडतात, त्यामुळे तिथे किटण सर्वांत जास्त साचतं. वर्षानुवर्षं साचलं की दगडासारखी पट्टी होते आणि शेजारचे दात एकमेकांना चिकटून राहतात. ती पट्टी काढली की दात हलतो ते कळतं. सैल झालेला असतो तो हाड झिजल्यामुळे. मिठाच्या पाण्याने सुजेला आराम पडतो, पण किटण विरघळत नाही.

सुमनमावशी
तुमचा तो धंदाच आहे. तिने जे भोगलं ते मी पाहिलंय.

रानवाट
भांडू नका हो. वय ४४. एक्स-रे काढला, हाड खाली गेलंय म्हणाले. पॉकेट ६ की ७ असं काहीतरी कागदावर आहे. शुगर कधी तपासली नाही. माझा प्रश्न साधा आहे, स्केलिंग करू की नको?

किशोर७१
मला वीस वर्षांपासून अक्कलदाढेचा त्रास होता, काढली आणि सुटलो. तुम्हीही काढून टाका, एकदाची कटकट जाईल. आणि इलेक्ट्रिक ब्रश घ्या, दातांचा पिवळेपणाही जातो.

अवनी
किशोरजी, पिवळेपणाचं त्यांनी विचारलेलंच नाही. रानवाट, सिगरेट ओढता का?

रानवाट
तिचा इथे काय संबंध? हो, दिवसाला आठ-दहा. आधी एखादी असायची, नोकरी बदलल्यापासून वाढली.

दंतमित्र
आणि रक्त थांबलं ते त्यानंतरच ना? अवनीने नेमकं विचारलं. निकोटिनने हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे सूज आणि रक्त दोन्ही कमी दिसतात. खाली हाड मात्र झिजत राहतं. तुमचा आजार बरा झाला नव्हता, त्याची खूण तेवढी झाकली गेली.

हिरड्यांच्या आजाराचा पहिला टप्पा फक्त सुजेचा असतो, तो पूर्ण बरा होतो. १९६५ साली डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर सूज उतरली. पण एकदा हाड झिजलं की ते सहसा आपोआप परत येत नाही. निरोगी हिरडीत दाताभोवतीची खाच, म्हणजे तुमच्या कागदावरचं पॉकेट, १ ते ३ मिलिमीटर असते. ६-७ म्हणजे तिथे ब्रश पोचतच नाही, म्हणून आतली मुळं साफ करावी लागतात. स्केलिंग करा. शुगर तपासा, ती वाढलेली असेल तर हिरड्या भरून यायला वेळ लागतो. दात काढायची घाई नको. रोपण करून नवा दात बसवला तरी त्याच्याभोवतीचं हाडही असंच झिजू शकतं, आणि सिगरेट ओढणाऱ्यांत जास्त.

सुमनमावशी
बरं, मग साफ केल्यावर गारगार लागतं त्याचं काय? बहिणीला महिनाभर पाणी लागत होतं.

अवनी
मलाही लागलं होतं. झाकलेलं मूळ उघडं पडतं ना. संवेदनशील दातांची पेस्ट वापरली, तीन आठवड्यांत कमी झालं.

रानवाट
काल रात्री त्या दाताच्या आतल्या बाजूने नख फिरवलं. तपकिरी, करकरीत एक कपचा निघाला, पाठीमागे खरखरीत. म्हणजे हेच ते किटण. डॉक्टरांना फोन केला. स्केलिंग परवाच, त्याआधी उद्या शुगर. दात ठेवायचा की नाही ते दोन-तीन महिन्यांनी पॉकेट पुन्हा मोजून ठरवू म्हणाले. सिगरेट बंद केली तर रक्त पुन्हा यायला लागेल का?

दंतमित्र
काही दिवस येऊ शकतं. घाबरून ब्रश बंद करू नका. मऊ ब्रश, आणि दातांच्या मधल्या फटींसाठी बारीक ब्रश. त्याचा आकार परवा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.